जुनी स्पोर्ट्स कार: खरी कुठली आणि सजवलेली कुठली

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती वाचायची सवय असेल तर तीन शब्द तुम्हाला पाठ असतील, ओरिजिनल, मॅचिंग नंबर्स (म्हणजे कारखान्यात बसवलेलंच इंजिन) आणि रेअर. यातला एकही शब्द धडधडीत खोटा नसताना माणूस फसू शकतो आणि बहुतेक जण असेच फसतात, कारण अख्खी खोटी गाडी कोणी विकत नाही हो, तेवढं धाडस फार थोड्यांकडे असतं. विकली जाते ती खरीच गाडी, फक्त ती जी आहे त्याच्या दोन पायऱ्या वरची आहे असं सांगून.

म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे, "गाडी खरी आहे का?" असा एकच मोठा प्रश्न विचारत बसू नका, त्याला धड उत्तर नसतं. एक कागद घ्या आणि विकणारा जे जे म्हणतोय ते एकेका ओळीत लिहा. अमुक सालची, अमुक मॉडेल, कारखान्यातून आलेलं तेच इंजिन, तोच रंग, इतकेच मालक, अमुक शर्यतीत पळालेली. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा, याला पुरावा काय. दहातल्या सात खऱ्या, दोन अर्धवट आणि एक साफ थाप असं निघू शकतं, आणि तरीही गाडी घेण्यासारखी असू शकते, फक्त त्या किमतीला नाही.

सजवणं एवढं सोपं का जातं ते एका उदाहरणावरून कळेल. पोर्शेची १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७. रेसिंगच्या नियमात बसायला कंपनीला ५०० गाड्या बनवायच्या होत्या, पण मागणी एवढी आली की शेवटी १,५८० बनल्या. इंजिन २,६८७ सीसीचं, २१० हॉर्सपॉवर, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद आणि ती बसावीत म्हणून मागचे फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, जरा फुगवलेले. पण खालचा सांगाडा? तो त्याच सालच्या साध्या ९११ चा भाऊच. म्हणजे कोणीही साधी ९११ घ्यायची, मागचे फेंडर रुंद करायचे, फायबरची शेपटी बसवायची, बाजूला कॅरेरा लिहायचं, लांबून बघणाऱ्याला आरएस तयार. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणि यातला गोंधळ असा की हे करणारे सगळे काही भामटे नसतात, खूप जण स्वतःच्या हौसेसाठी करतात आणि मोकळेपणाने सांगतातही की बाबा ही मी बनवलेली आहे, पण मग ती गाडी दुसऱ्याकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे, आणि दर वेळी सांगण्यातला एक शब्द गळत जातो, चौथ्या मालकाला तर बिचाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपल्याकडे खरी आरएस आहे. त्यामुळे विकणारा माणूस प्रामाणिक दिसतो यावर जाऊ नका, तो प्रामाणिक असेलही. गाडी नसेल.

अमेरिकन गाड्यांमध्ये तर याहून सोपं होतं. पॉन्टिॲक जीटीओ हे १९६४ आणि १९६५ साली वेगळं मॉडेलच नव्हतं, लमाँ या मॉडेलवर मिळणारं एक ऑप्शन पॅकेज होतं, त्यामुळे त्या दोन सालच्या गाडीचा चासी नंबर कितीही उलटासुलटा वाचला तरी ती जीटीओ आहे का हे त्यातून कळत नाही, ते १९६६ पासून कळायला लागलं, नंबर २४२ ने सुरू झाला की जीटीओ. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांसाठी कारखान्याची बिलं बघावी लागतात, ती पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे जपून ठेवलेली आहेत आणि तिथून प्रत मागवता येते. १९६९ च्या शेवरले कॅमेरो झेड२८ चंही असंच, २०,३०२ बनल्या, पण चासी नंबरात झेड२८ असं काही लिहिलेलं नसतं.

आता शब्दांचा घोळ आधी मिटवू, कारण अर्धी फसवणूक शब्दांतच असते. रेप्लिका म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नव्याने बनवलेली नक्कल. एसी कोब्रा ही बहुतेक जगातली सगळ्यात जास्त नक्कल झालेली स्पोर्ट्स कार असेल, साठच्या दशकात बनल्या साधारण हजारभर आणि आज दिसणाऱ्या कोब्रांपैकी बहुसंख्य नंतर फायबरची बॉडी आणि किट आणून जोडलेल्या. क्लोन किंवा ट्रिब्यूट म्हणजे आपण वर बघितलं ते, त्याच कंपनीची साधी गाडी घेऊन भारी मॉडेलसारखी केलेली. कंटिन्युएशन हा नवा प्रकार, यात कंपनी स्वतःच पन्नास साठ वर्षांनी पुन्हा गाडी बनवते. जॅग्वारच्या एक्सकेएसएस चं तसं झालं, १९५७ च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि ९ गाड्या जळाल्या, १६ च काय त्या बाहेर पडल्या होत्या, मग २०१६ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की त्या जळालेल्या ९ गाड्या आता बनवतो. ॲस्टन मार्टिनचं अजून मजेशीर, डीबी४ जीटी झगाटो साठच्या दशकात १९ बनल्या, आणि १९९१ मध्ये तेव्हाचे न वापरलेले चासी नंबर देऊन आणखी ४ बनवल्या, त्यांना सँक्शन टू म्हणतात. म्हणजे नंबर जुन्या मालिकेतला, कंपनीची परवानगी, सगळं कायदेशीर, पण गाडी १९९१ ची. हिला खोटी म्हणाल का? मी नाही म्हणणार. पण १९६१ ची म्हणून कोणी विकली तर ती थापच.

आणि फेरारीची २५० जीटीओ, १९६२ ते ६४ मध्ये ३६ बनल्या आणि त्यातली प्रत्येक गाडी जाणकारांना नंबरानिशी माहीत आहे. २०१८ मध्ये त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, त्यामुळे नक्कल करायचा मोह होणारच. जीटीओच्या नकला बऱ्याचदा २५० जीटीई या फेरारीच्याच चार सीटच्या मॉडेलवरून बनवतात, ती साधारण ९५० च्या आसपास बनली होती आणि बरीच वर्षं तिला कोणी विचारत नव्हतं. म्हणजे बघा, अशा नकलेत चासी खरी फेरारीची, इंजिन खरं फेरारीचं व्ही१२, नंबरही खरा. जीटीओ मात्र नाही. आणि वाईट याचं वाटतं की या हौसेपायी कितीतरी चांगल्या जीटीई कापल्या गेल्या, आता त्यांनाच शोधत फिरतात लोक.

बरं, नंबरांकडे येऊ. आपल्याला १७ अक्षरांचा चासी नंबर सवयीचा आहे, पण तो प्रकार १९८१ पासूनचा. त्यात नववं अक्षर हे बाकीच्या अक्षरांवरून गणित करून काढलेलं असतं, निदान उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांत, म्हणजे एखादा आकडा बदलला तर गणित चुकतं आणि लगेच पितळ उघडं पडतं. त्याआधीच्या गाड्यांना ही सोय नाही. प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत, कुठे चार आकडे, कुठे दहा. फेरारी बरीच वर्षं रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि रेसिंगच्या गाड्यांना सम नंबर देत होती. पोर्शे आरएस २.७ चा नंबर ९११३६ ने सुरू होतो, साध्या मॉडेलांना पाचव्या जागी दुसरा आकडा असतो. एका आकड्याचा फरक आणि किमतीत जमीन अस्मानाचा, त्यामुळे तो एक आकडा भिंग लावून बघायचा.

चासी नंबर दोन प्रकारचे असतात हे लक्षात ठेवा, एक प्लेटवर आणि एक पत्र्यात किंवा फ्रेममध्ये पंच केलेला, म्हणजे ठोकून उमटवलेला. प्लेट म्हणजे रिव्हेट मारलेला पत्र्याचा तुकडा, तो एका गाडीवरून काढून दुसरीवर लावायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. म्हणून प्लेटपेक्षा रिव्हेट आधी बघावेत. जनरल मोटर्सने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फुलासारख्या डोक्याचे खास रिव्हेट वापरायला सुरुवात केली ती यासाठीच, जिथे असे फुलाचे हवेत तिथे साधे गोल दिसले की प्रश्न विचारायचा. पंच केलेला नंबर बदलायला मात्र धातू घासावा लागतो, आणि तिथे एक छान गोष्ट आहे. नंबर ठोकताना वरचा धातू दबतोच पण त्याच्या खालच्या थराची रचनाही बिघडते, म्हणून कोणी ग्राइंडरने नंबर पूर्ण सपाट केला तरी खालचा तो बिघाड राहतो, आणि त्या जागेवर विशिष्ट ॲसिडचं मिश्रण लावलं की जुना आकडा पुसट का होईना वर येतो. चोरीच्या गाड्यांच्या तपासात ही पद्धत वापरतात. तुम्ही गाडी बघायला जाताना ॲसिडची बाटली घेऊन जाल असं माझं म्हणणं नाही, पण भारी गाडी असेल तर तज्ज्ञाकडून हे करून घेता येतं हे माहीत असावं.

मॅचिंग नंबर्स हा प्रकार मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो कारण यात खोटं बोलणाऱ्याला एकाच वेळी खूप गोष्टी सांभाळाव्या लागतात. साधा अर्थ असा की या चासीत कारखान्यात जे इंजिन बसवलं तेच आजही आहे. जॅग्वार ई-टाइपच्या प्लेटवर चासी आणि इंजिनसोबत बॉडी आणि गिअरबॉक्सचेही नंबर येतात, चार नंबर आणि चारही आपापल्या जागी पंच केलेले, शिवाय इंजिनचा नंबर ब्लॉकवर (इंजिनचा मुख्य ओतीव भाग) आणि हेडवर (त्याच्या वर बसणारा भाग) दोन्हीकडे. जुन्या फेरारीत एक इंटर्नल नंबरही असतो, कारखान्याच्या आतल्या हिशोबाचा, तो विसरून बाकी सगळं बरोबर करणारे पुष्कळ.

शेवरलेचं बघू, कारण तिथे तारखांचा खेळ फार सुंदर आहे. इंजिनचा ब्लॉक ओतला त्या दिवसाची तारीख ओतकामातच उमटलेली असते, महिन्याला अक्षर, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालातला शेवटचा आकडा. सी १० ९ असं असेल तर १० मार्च १९६९ (किंवा १९५९, ते बाकीच्या नंबरावरून ठरतं). मग ते इंजिन जोडलं गेलं त्या दिवसाचा शिक्का वेगळा, ब्लॉकच्या पुढच्या बाजूला एका सपाट जागेवर, व्ही ०३२१ डीझेड म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात २१ मार्चला जोडलेलं, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड२८ चं ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन. आणि मग गाडी बनली ती तारीख. आता क्रम बघा, आधी ओतलं, मग जोडलं, मग गाडीत बसवलं, याच क्रमाने तारखा यायला हव्यात आणि मधलं अंतर काही दिवसांचं किंवा काही आठवड्यांचं असायला हवं. गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बनलेली आणि ब्लॉक मेमध्ये ओतलेला असं निघालं तर पुढे बोलायलाच नको, जन्माआधी बारसं कसं होणार. आणि हे फक्त इंजिनचं नाही बरं का, कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, काचा, चाकं, सीट बेल्ट, यातल्या बऱ्याच गोष्टींवर आपापले तारखेचे कोड असतात. नक्कल करणारा इंजिनचा शिक्का बरोबर मारतो आणि मागच्या काचेचा कोपरा विसरतो.

शिक्का मारणाऱ्यांनाही हे माहीत असल्यामुळे ते त्या सपाट जागेवरचा जुना नंबर घासून नवा ठोकतात. इथे आकड्यांपेक्षा त्यांच्या खालची जमीन बघायची. कारखान्यात ती जागा ज्या मशीनने सपाट व्हायची ती ब्लॉकच्या लांबीत एकसारख्या बारीक समांतर रेघा सोडायची, आणि नंतर गॅरेजमध्ये ब्लॉकचा माथा घासला की बहुतेक वेळा गोल फिरणाऱ्या कटरच्या वळणदार खुणा येतात. अगदी गुळगुळीत चकचकीत जागेवर ठळक, ताजे, टोकदार आकडे दिसले तर समजा काहीतरी झालंय. काय झालंय ते मात्र लगेच ठरवू नका, कारण इंजिन ओव्हरहॉल करताना माथा घासणं हे नेहमीचं काम आहे, त्यात खरा नंबरही जाऊ शकतो, आणि मग मालकाने भोळेपणाने तोच खरा नंबर पुन्हा मारून घेतला असंही होतं. सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही, पण सूत दिसलं हे कागदावर लिहून ठेवायचं.

याच संदर्भात एक शब्द ओळखून ठेवा, करेक्ट नंबर्स. ऐकायला मॅचिंगसारखाच वाटतो. अर्थ असा की इंजिन त्या सालचं आणि त्या प्रकारचं आहे, कोड बरोबर आहे, फक्त या गाडीचं जन्माचं नाही, कुठून तरी शोधून आणून बसवलंय. यात वाईट काही नाही, रेस करणाऱ्या गाड्यांची इंजिनं फुटायचीच. पण दोन्ही शब्दांच्या किमती वेगळ्या.

आता बॉडी. इथे खिशात एक छोटा मॅग्नेट असला तरी पुष्कळ काम होतं, मऊ कापडात गुंडाळलेला, नाहीतर रंगावर ओरखडा काढून बसाल. मर्सिडीजची ३०० एसएल, ती वर उघडणाऱ्या दरवाजांची, कूपे १,४०० बनल्या आणि त्यातल्या फक्त २९ पूर्ण ॲल्युमिनियम बॉडीच्या. साध्या गाडीचीही बोनेट, दरवाजे आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच होतं, बाकी बॉडी लोखंडी पत्र्याची, त्यामुळे कोणी बोनेटवर मॅग्नेट लावून दाखवला आणि बघा चिकटत नाही, ॲल्युमिनियम, असं म्हणाला तर मान हलवून फेंडरकडे सरकायचं. उलट बाजूने, लोखंडी पत्र्याच्या गाडीवर मॅग्नेट एके ठिकाणी घट्ट आणि एके ठिकाणी लुळा लागला की तिथे पुट्टी आहे. शेवरले कॉर्व्हेटची बॉडी मुळात फायबरची, तिथे मॅग्नेटचा उपयोग नाही.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीचा त्याच्या दुप्पट तिप्पट येतो आणि हजाराच्या वर गेला की आत पुट्टी धरून चाला. पन्नास वर्षं जुनी गाडी एकदाही रंगवलेली नसणं हेच खरं तर विरळ, त्यामुळे आकडा मोठा आला म्हणून लगेच तोंड वाकडं करायचं कारण नाही. बघायचं ते एवढंच की मालक काय म्हणतोय आणि यंत्र काय म्हणतंय. तो म्हणाला कारखान्याचाच रंग आणि यंत्राने एका दरवाजावर १,२०० दाखवले तर त्याच्या बाकीच्या नऊ ओळींवरही जरा जास्त वेळ घालवायचा.

मला विचाराल तर मी वेळ घालवतो तो गाडीच्या खाली आणि आत, जिथे फोटो काढायला कोणी जात नाही. कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठराविक अंतरावर गोल छोटे खळगे, एका ओळीत. गॅरेजमध्ये पत्रा बदलला की तिथे एक तर सलग वेल्डिंग येतं, किंवा भोक पाडून भरलेले ठिपके येतात आणि वर सीलंट थापलेलं असतं. आरएसच्या मागच्या फेंडरच्या आत हात घालून बघा, चाकाच्या कमानीच्या आत जोड लागतोय का. एका सरळ खाचेचे स्क्रू कुठे, चौफुली खाचेचे कुठे, ते बघा, पोझीड्राइव्ह जातीचा चौफुली स्क्रू साठच्या दशकात आला, पन्नासच्या दशकातल्या गाडीत तो दिसला तर त्या जागी नंतर कोणीतरी हात घातलाय. क्षुल्लक गोष्ट वाटते, पण अशा क्षुल्लक गोष्टीच सजवणाऱ्याच्या हातून सुटतात.

कधी कधी गाडीची रचनाच अशी असते की खरा नंबरही कायदेशीरपणे हरवतो. ई-टाइपच्या पुढचा नळ्यांचा सांगाडा बॉडीला बोल्टने जोडलेला असतो आणि चासी नंबर त्यावरच पंच केलेला. गाडी समोरून ठोकली की सांगाडा बदलायचा, नवा कोरा यायचा, नंबर जुन्याबरोबर भंगारात. मग मेकॅनिक नव्यावर तो नंबर मारणार, तो बरोबरच असणार, पण अक्षराचं वळण कारखान्याचं नसणार. अशा वेळी बॉडी नंबर, इंजिन, गिअरबॉक्स यांचं एकमेकांशी जुळतं का आणि दुरुस्तीचं बिल आहे का, यावर सगळं.

कागदांचं सांगायचं तर पहिला कागद कारखान्याच्या नोंदीचा. जॅग्वारचा हेरिटेज ट्रस्ट चासी नंबरवरून सांगतो की ही गाडी कधी बनली, कुठल्या रंगाची होती, कुठलं इंजिन होतं आणि कुठल्या डीलरकडे गेली. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. फेरारीचा क्लासिके विभाग, अल्फा रोमिओचं कागदपत्रांचं केंद्र, पोर्शे, सगळ्यांकडे आपापली व्यवस्था आहे. यातले बहुतेक कागद सांगतात की या नंबरची गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली. आज तुमच्यासमोर उभी आहे ती तीच गाडी आहे असं तो कागद म्हणत नाही, नंबर तुम्ही पाठवलात, त्याने वहीत बघून उत्तर दिलं एवढंच. फेरारीवाले गाडी तपासून देतात म्हणून त्यांच्या प्रमाणपत्राला जरा जास्त वजन. आणि जुन्या रेसिंग गाड्यांना एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट असतो, तो दाखवून लोक म्हणतात बघा कागद, पण त्या पासपोर्टचा अर्थ एवढाच की गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते, खरेपणाची हमी तो देतच नाही, उत्तम बनवलेल्या नकलेलाही तो मिळू शकतो.

कागद स्वतः खोटा असू शकतो हे वेगळं सांगायला नको. एक सोपी चाचणी मात्र सांगतो, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली आणि ती त्या प्रकाशात निळसर चमकतात. १९३४ चं म्हणून दाखवलेलं पत्र अंधारात ट्यूबलाइटसारखं पेटलं तर बाकी काही वाचायची गरज नाही. कारखान्याच्या नोंदीनंतर मधल्या काळाचे कागद बघायचे, विमा, सर्व्हिसची बिलं, जुने फोटो, नोंदणीची जुनी पुस्तकं. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा असेल तर या बिलांवरचे आकडे चढत गेलेत का ते बघा, मीटर पाच आकडी असेल तर तो शंभर हजाराला परत शून्यावर येतो आणि मग एक लाख वीस हजार पळालेली गाडी वीस हजार दाखवते, त्यात कोणी हातही लावलेला नसतो.

आणि समजा एवढं सगळं करून कळलं की गाडीतलं जवळजवळ सगळंच बदललेलं आहे, मग? यावर १९९० मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात खरोखर खटला चालला होता, तो मला फार आवडतो. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, ओल्ड नंबर वन नावाची, जिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं लमाँची २४ तासांची शर्यत जिंकली. नंतर तिच्यात आठ लिटरचं इंजिन घातलं, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर भयंकर अपघात झाला, त्यात क्लाइव्ह डनफी हा ड्रायव्हर गेला, मग ती पुन्हा बांधली, बॉडी बदलली, असं होत होत १९२९ साली लमाँला पळालेल्या गाडीतलं तिच्यात फार थोडं उरलं. ही गाडी एक कोटी पौंडांना घ्यायचा करार झाला आणि घेणारा मागे फिरला, म्हणाला ही ती गाडीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं असं की सुटे भाग बघून हिला ओरिजिनल म्हणता येणार नाही, पण ती अस्सल आहे, कारण बदल हळूहळू होत गेले, प्रत्येक वेळी नवा भाग त्याच गाडीचा भाग झाला, ती मधे कधी नाहीशी झाली नाही, आणि तिच्या जागेवर दावा सांगणारी दुसरी कुठली गाडीही नाही.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, खास करून रेसिंगच्या गाड्यांत. कारण उलटही होतं, एक गाडी ठोकते, टीम नवी चासी आणून जुनाच नंबर देते, जुनी वाकडी चासी कोपऱ्यात पडून राहते, तीस वर्षांनी कोणीतरी ती उचलतो, सरळ करतो, जुने भाग जमवतो, आणि आता एकाच नंबरच्या दोन गाड्या, दोघांच्या मालकांकडे अर्धं अर्धं सत्य. अशी गाडी समोर आली तर नंबर तपासून काही होत नाही, दुसरी कुठे आहे का ते आधी शोधा. त्या मॉडेलच्या क्लबची रजिस्टर असतात, त्यात एकेका नंबरचा इतिहास लिहून ठेवणारे भन्नाट लोक असतात, त्यांना एक ईमेल टाकला तरी पुष्कळदा दोन दिवसांत उत्तर येतं, आणि कधी कधी ते उत्तर ऐकून झोप उडते.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. भीड भिकेची बहीण, तिथे लाजलात तर लाखाचे बारा हजार. इंजिन थंड असताना जा, दिवसा उजेडात जा, आणि तपासणारा माणूस तुमचा असू द्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि तो सगळ्या जुन्या गाड्यांचा जाणकार नसला तरी चालेल पण त्या एका मॉडेलचा हवा. नंबरांचे फोटो समोरून घ्या आणि एक तिरक्या उजेडात घ्या, घासलेली जमीन तिरक्या उजेडातच दिसते. मग घरी येऊन तो पहिला कागद काढा आणि एकेका ओळीसमोर काय सापडलं ते लिहा. ज्या ओळी किमतीला कारण आहेत त्या विक्रीच्या करारात शब्दशः आल्या पाहिजेत, अमुक नंबरचं इंजिन हे या चासीत कारखान्यात बसवलेलं मूळ इंजिन आहे, असं पूर्ण वाक्य. प्रामाणिक विकणारा एक तर ते लिहून देतो किंवा म्हणतो की मला तेवढी खात्री नाही, किंमत कमी करू. दोन्ही उत्तरं चांगली.

आणि पहिल्याच दिवशी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी एकदा एका गाडीबद्दल इंजिनच्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागितला, बाकी काही बोललोही नव्हतो. फोटो आला नाही. दोन दिवसांनी जाहिरात उघडली तर सगळं तसंच होतं, रंग तोच, किंमत तीच, फक्त मॅचिंग नंबर्सच्या जागी करेक्ट नंबर्स झालं होतं.